तळ्याकाठचा फ्लॅट आणि बाबांचे गुडघे

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने घर विकून पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर बिचाऱ्याला म्हण करायला उसंतच मिळाली नसती.

आमचा फ्लॅट बुलडाण्यात, तळ्याच्या काठी. जलदर्शन सहकारी गृहनिर्माण संस्था, तिसरा मजला, दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरीतून तळं दिसतं. म्हणजे पावसाळ्यात तळं दिसतं, हिवाळ्यात निम्मं दिसतं आणि उन्हाळ्यात तिथे पोरं क्रिकेट खेळताना दिसतात. लिफ्ट आहे का, या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर देता येत नाही. लिफ्टची जागा आहे. बिल्डरने छापलेल्या पत्रकात तर लिफ्टसुद्धा होती आणि तिच्यातून एक सुटाबुटातला माणूस हसत बाहेर येत होता. त्या जागेत सध्या गणपतीच्या मंडपाचे बांबू उभे आहेत.

हा फ्लॅट विकायचं ठरलं ते बाबांमुळे. बाबा म्हणजे उकंडराव, माझे वडील. संग्रामपूरजवळच्या आमच्या गावी आई गेल्यापासून एकटेच राहतात. एकटे म्हणजे स्वतःच चूल पेटवतात, पोळी करपली की कुत्र्याला घालतात आणि फोनवर आम्हाला सांगतात, "मस्त जेवलो बे." त्यांनी आमच्याकडे येऊन राहावं म्हणून मी आणि पुष्पांजलीने, म्हणजे माझ्या बायकोने, हरतऱ्हेने सांगून पाहिलं. शेवटी मागच्या दिवाळीला ते तयार झाले. मी एसटी स्टँडवरून त्यांना स्कूटरवर आणलं आणि त्यांचा दंड धरून जिना चढायला सुरुवात केली. "चला बाबा, झालंच. हे पाहा, एक मजला झाला. थांबू नका, थांबलं की गुडघे धरतात." हे गुडघ्यांचं शास्त्र मी मोबाइलवर वाचलं होतं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बाबांनी माझा हात झटकला आणि मटकन पायरीवर बसले.

"भागवत," ते म्हणाले, "हे घर हाय का कोठ्यावरचा माळा? मी काय कडबा हाय वर चढवाले?"

मग खाली उतरले. दिवाळीचा फराळ त्यांनी पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरवर बसून केला. पुष्पांजली तीन मजले उतरून चकल्या आणायची, परत चढून अनारसे आणायची. संध्याकाळच्या एसटीने बाबा गावी परत गेले. ज्या माणसाने मला शिकवण्यासाठी दोन-दोन वर्षं नवा सदरा शिवला नाही, त्याने माझ्या घरी येऊन स्कूटरवर बसून चकली खाल्ली, हे काही माझ्या मनातून जाईना. त्या रात्री आम्ही ठरवलं. हा फ्लॅट विकायचा आणि चिखली रोडला तळमजल्याची दोन खोल्यांची जागा घ्यायची. जागा पाहूनही ठेवली. पुढे अंगण, अंगणात पेरूचं झाड. मालक म्हणाला, होळीपर्यंत थांबतो.

जागा पाहून आलो त्या रात्री पुष्पांजली गॅलरीत बराच वेळ उभी होती. "तिथून तळं नाही दिसणार," एवढंच म्हणाली. मग लगेच म्हणाली, "पण मामाजी दिसतील." सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. बायका निर्णय असे घेतात. आपण पुरुष उगाच कागदावर रेघा मारत बसतो.

घर विकायचं आहे ही बातमी मी कोणालाच सांगितली नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या बिल्डिंगला माहीत झाली. पहिले आले दयारामकाका. पहिल्या मजल्यावर राहतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि कोणत्याही विषयावर त्यांच्याकडे तिकीट फाडून तयार असतं.

"भागवतभाऊ, जाहिरातीत तिसरा मजला लिहू नका. हवेशीर लिहा."

"पण काका, माणूस येईल तेव्हा त्याला जिना दिसेलच ना?"

"दिसू द्या ना. तवा थो येऊन बसला राहते. गाडीत बसल्यावर उतरते का कोणी?"

दुसऱ्या मजल्यावरच्या कोकिळाकाकू म्हणाल्या की घर विकलं जात नसेल तर उंबऱ्याला उलटं खेटर बांधावं. मी म्हटलं, अजून विकायला काढलंच नाही. त्या म्हणाल्या, मग आधीच बांधून ठेवा, मागून धावपळ नको. माझी मुलगी डिंपल अकरावीत आहे. तिने मोबाइलवर घराचा व्हिडिओ केला. त्यात श्रावणातलं तुडुंब तळं होतं, मागे बासरी होती आणि आमचा हॉल इतका मोठा दिसत होता की मला क्षणभर वाटलं, हेच घर विकत घ्यावं. जाहिरातीत तिने लिहिलं, 'तळ्याकाठी हवेशीर टू बीएचके.' काकांचा शब्द खाली पडला नाही.

पहिलं गिऱ्हाईक चिखलीहून आलं. नवरा-बायको, बरोबर नवऱ्याचा मोठा भाऊ. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा तिघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून पुष्पांजलीने आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग पोहे केले. आता आमच्याकडे पोहे खाताना माणूस गप्प बसत नाही. पहिला घास पोटात गेला की तो विचारतो, "मूळ गाव कोणतं म्हणा तुमचं?" हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विचारला की पुढचं काहीही माणसाच्या हातात राहत नाही. आम्ही संग्रामपूरकडचे. त्यांची आत्या त्याच भागात दिलेली. आत्याची जाऊ पुष्पांजलीच्या माहेरची. वाटीतले पोहे संपायच्या आत ती बाई पुष्पांजलीची मावसबहीण निघाली, सख्खी नाही पण लग्नात हळद लावायला होती इतपत. दोघी गळ्यात पडल्या. मोठा भाऊ मला "जावईबापू" म्हणायला लागला.

आणि तिथे व्यवहार मेला. कारण सोयऱ्याशी भाव कसा करणार? मी किंमत सांगितली तर मी सोयऱ्याला लुटणारा. त्यांनी कमी करा म्हटलं तर ते सोयऱ्याला नाडणारे. दोन्ही बाजूंनी सभ्यपणाची कमाल झाली. शेवटपर्यंत फ्लॅट हा शब्द कोणी काढला नाही. पुष्पांजलीने बहिणीची ओटी भरली, टोपी-टॉवेल देऊन भावांना निरोप दिला आणि माझ्या घरातून खण, नारळ, टोपी आणि टॉवेल गेले. फ्लॅट होता तिथेच राहिला.

दुसरे कापसाचे व्यापारी होते. त्यांच्याशी नातं निघू नये म्हणून मी आधीच विषय बदलला आणि मी वीजबिलाच्या कार्यालयात आहे असं सांगितलं. ही आयुष्यातली मोठी चूक. त्यांनी खिशातून घडी घातलेलं बिल काढलं आणि पुढचा सारा वेळ त्यांच्या जिनिंगच्या मीटरवर गेला. जाताना जिन्यात त्यांना कोकिळाकाकू भेटल्या, त्यांनी गाव विचारलं, आमचंही सांगितलं, आणि ते वळून वर आले. "अरे, तुमी तर आमच्या सासऱ्याच्या मामेभावाचे भाचेजावई! काऊन नाई सांगितलं?" त्यांनाही टोपी-टॉवेल झाला.

तेव्हा मी घरात सक्त ताकीद दिली. आता जो येईल त्याला गाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही, पोहे तर मुळीच करायचे नाहीत. तिसरं कुटुंब आलं तेव्हा आम्ही तिघंही हॉलमध्ये हाताची घडी घालून बसलो. त्यांनी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" मी म्हटलं, "इथलेच." "इथले म्हणजे मूळचे?" "असेच इकडचे." पुष्पांजलीने खिडकीबाहेर पाहिलं. डिंपलने मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. ते कुटुंब एकमेकांकडे पाहायला लागलं. जो माणूस आपलं गाव सांगत नाही आणि पोहेही विचारत नाही, त्याने घरात काहीतरी भयंकर लपवलेलं असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. बाईंनी जाताना हळूच विचारलं, "या घरात कोणी गळफास बिळफास तं नाई घेतला?" मी नाही म्हटलं. पण मी ज्या आवाजात नाही म्हटलं तो ऐकून माझाही विश्वास बसला नसता.

इकडे संस्थेचा वेगळाच खेळ चालला होता. फ्लॅट विकायचा तर संस्थेची ना हरकत लागते, आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे माणिकराव. माणिकरावांची उभी हयात सहकारात गेली. ते चहासुद्धा सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय घेत नाहीत. मी अर्ज दिला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि म्हणाले, "विनंती विशेष बरोबर नाई. नम्र पाह्यजे."

मी नम्र केली. मग सभा बोलवायची होती. सभेला गणसंख्या लागते. समितीतले एक जण मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला, एक जण शेतात हरभरा काढायला, आणि तिसरे माणिकरावांशी बोलत नसल्यामुळे माणिकराव असलेल्या सभेला येत नव्हते. मी दोघांच्या घरी जाऊन हात जोडले. बाळंतपणवाल्यांना तर फोनवर मुलगा झाल्याबद्दल आनंद व्यक्त केला. ते म्हणाले, मुलगी झाली. मी म्हटलं, मग तर दुप्पट आनंद. माझ्यासारख्या पंधरा वर्षं नोकरी केलेल्या मानी माणसाने एका कागदासाठी काय काय करावं, याला सुमार राहिला नव्हता. शेवटी सभा झाली, ठराव झाला, आणि माणिकराव म्हणाले, "पत्र मी बयाण्याच्या दिवशी सोता आणून देईन. शोभा राह्यते." बयाणा म्हणजे इसाराची रक्कम.

होळी तोंडावर आली आणि पेरूवाल्या मालकाचे फोन सुरू झाले. त्याच आठवड्यात धाड गावाहून सुभद्राबाई आल्या. बरोबर त्यांचा भाचा शिवम. शिवमचं नुकतंच लग्न झालेलं, नोकरी बुलडाण्यात, आणि घर पाहायची सगळी जबाबदारी आत्याकडे. पुष्पांजलीने या वेळी स्वतःची युक्ती काढली होती. सुभद्राबाई दारात धापा टाकत चपला काढत होत्या, तेवढ्यात तिने पाण्याचा तांब्या मागे धरून आधी किंमत सांगितली. पाणी मागून दिलं. सुभद्राबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"मले आवडली तू," त्या म्हणाल्या. "बाई अशीच पाह्यजे. आता पाणी दे."

मग नातं निघालं, ते निघणारच होतं. पण किंमत आधी बोलून झाली होती, त्यामुळे नात्याला तिच्यात शिरायला जागा मिळाली नाही. शिवम गॅलरीत जाऊन तळं पाहत राहिला. सगळं जमलं. फक्त एक अट सुभद्राबाईंनी घातली. बयाणा याच घरात, देवासमोर घ्यायचा, आणि घरातलं वडीलधारं माणूस समोर पाहिजे. "तुहे वडील हायेत नं? त्यायचा हात लागल्याबिगर मी रुपया देत नाई."

मी आणि पुष्पांजलीने एकमेकांकडे पाहिलं. वडीलधाऱ्या माणसाला तीन मजले चढवता येत नाहीत म्हणून घर विकायचं, आणि विकायला वडीलधारं माणूस तीन मजले चढून यायला पाहिजे. मी बाबांना फोन केला. घर विकतोय हे अजून सांगितलं नव्हतं, नुसतं म्हटलं, बाबा, रविवारी एक काम आहे, या. जिन्याचं पाहू काहीतरी. लागलं तर खुर्चीत बसवून चौघं जण उचलू.

"खुर्चीत?" बाबा म्हणाले. "मी काय नवरदेव हाय?" आणि फोन ठेवला.

रविवारी सुभद्राबाई आणि शिवम सकाळीच आले. माणिकराव इस्त्रीचा सदरा घालून, ना हरकतीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले. पेढे आले, देवासमोर दिवा लागला. बाबांची एसटी यायची वेळ होऊन गेली. मी त्यांना घ्यायला स्टँडवर जाणार होतो, पण ते फोनवर म्हणाले होते, "मी येतो रिक्षानं, तू पाहुण्यांजवळ बस." आता फोन लावला तर लागेना. मी गॅलरीत जाऊन रस्ता पाहिला. माणिकराव म्हणाले, सभा वेळेवर सुरू झाली नाही तर तहकूब धरतात. सुभद्राबाई म्हणाल्या, ही सभा नाई, बयाणा हाय. दोघांचं थोडं वाजलं.

तेवढ्यात इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि सहज बोलून गेला, "तुमचे बाबा मघाच दिसले होते खाली, पार्किंगमध्ये."

मघाच? मग गेले कुठे? मला दिवाळीची आठवण झाली. म्हातारा माणूस, जिना पाहून मान खाली घातली असेल आणि परत निघून गेला असेल. किंवा उन्हात चक्कर आली असेल. किंवा तळ्याकडे गेले असतील आणि पाय घसरला असेल. मी धडाधड जिना उतरलो. तळ्यावर गेलो. तळ्यात दोन म्हशी आणि त्यांचा मालक होता, त्यांच्यापैकी कोणी बाबांना पाहिलं नव्हतं. मग स्कूटर काढून स्टँडवर गेलो. चौकशीच्या खिडकीत विचारलं. संग्रामपूरकडे जाणारी गाडी नुकतीच निघाली होती. मी तिच्यामागे जाऊन ती चौकात थांबवली, आत चढून प्रत्येक पांढऱ्या टोपीखाली वाकून पाहिलं आणि कंडक्टरच्या शिव्या खाऊन उतरलो.

सारं गाव पालथं घालून परत आलो तेव्हा दुपार कलली होती आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता. घरी काय सांगायचं या विचारात पुन्हा तीन मजले धावत चढलो. दारातच चौकट धरून धापा टाकत उभा राहिलो. समोर हॉलमध्ये, सुभद्राबाईंच्या शेजारच्या खुर्चीत, बाबा बसले होते. पाय पसरून, टोपी मांडीवर ठेवून पेढा खात होते. दम लागल्याचं नाव नव्हतं.

"कुठी गेलता बे?" ते म्हणाले. "केवढा दम लागला तुले. बस खाली. पाणी दे गं याले, पुष्पांजली."

हकिकत मला नंतर तुकड्यातुकड्याने कळली. बाबा रिक्षातून उतरले तेव्हा दयारामकाका खाली पेपर घेत होते. त्यांनी विचारलं, "कोण्या गावचे बाबा?" संपलं. बाबांचं गाव दयारामकाकांच्या जुन्या रूटवरचं निघालं. ते ऐकून काका त्यांना पहिल्या मजल्यावर घरी घेऊन गेले. चहा झाला. कोणती गाडी कोणत्या साली बंद झाली ते झालं. कूलर लावून दार बंद करून घेतलेलं, म्हणून मी त्याच दारासमोरून धडधडत उतरलो तेव्हा बाबा आत म्हणत होते, "कोनतं पोट्टं पयते एवढं?" नंतर काकांनी त्यांना वरच्या वळणापर्यंत सोडलं, तिथे कोकिळाकाकू पापड वाळत घालत होत्या. त्यांनी गाव विचारलं. त्यांच्याकडे जेवण झालं, भरीत आणि भाकरी, आणि नंतर हॉलमध्ये टाकलेल्या सतरंजीवर बाबा जरा आडवेही झाले. मग गुडघे म्हणाले चला, तेव्हा उठून आले. मी खालून वर येताना कोकिळाकाकूंचं दार सताड उघडं होतं, पण तोवर ते वरच्या मजल्यावर पोचले होते. दयारामकाकांनी तर सोसायटीच्या ग्रुपवर 'उकंडराव आमच्याकडे' असा निरोपही टाकला होता. माणिकरावांच्या सूचनांपायी तो ग्रुप मी बंद करून ठेवला होता.

"बाबा," मला आता कुठे बोलता आलं, "तुम्ही तीन मजले चढलात?"

"तीन मजले कोन चढलं? मी दयारामकडं गेलो. मंग त्या बाईकडं गेलो. मंग तुह्याकडं आलो." त्यांनी पेढ्याचा कागद घडी करून ठेवला. "दिवाळीले तू मले सरळ वर ओढत होता. माणूस असं जाते का कोनाच्या गावातून? रस्त्यात घरं लागतात, बसा लागते."

मग त्यांचं लक्ष देवासमोरच्या ताटाकडे, पेढ्यांकडे आणि माणिकरावांच्या पिशवीकडे गेलं. "हे काय चालू हाय?"

शेवटी मीच सांगितलं. घर विकतोय. चिखली रोडला तळमजला घेतोय. तुमच्या गुडघ्यांसाठी.

"माह्या गुडघ्यायनं तुले काई म्हटलं?"

"नाही बाबा, पण..."

"मंग मले इचारलं?"

पुष्पांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ती पदराने नाही, हातातल्या फडक्याने पुसत होती. बाबा उठले, सावकाश गॅलरीत गेले. शिवम तिथे उभाच होता, त्याने बाजूला सरकून त्यांना जागा दिली. दोघं तळ्याकडे पाहायला लागले.

"म्हशी मस्त हायेत," बाबा म्हणाले.

सुभद्राबाईंनी आपल्या पिशवीची चेन ओढून बंद केली. तो आवाज मला फार मोठा वाटला.

"शिवम, चाल," त्या म्हणाल्या. "हे घर आपल्याले घ्याचं नाई."

"काऊन आत्या?"

"म्हातारं माणूस सोताच्या पायानं चढून लेकाच्या घरी आलं, अन् आपन त्याच दिवशी त्याले खाली उतरवाचं? माह्यानं नाई होत. तुले दुसरं पाहू."

मला खरं तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्याआधी माणिकराव उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, घरात मयत झाली की काय.

"असं कसं?" ते म्हणाले. "ठराव मंजूर हाय! सर्वानुमते! हरभऱ्यातून माणूस उठवून आणला मी त्याच्यासाठी. ना हरकत दिल्यावर विकाचं नसलं तं त्याले पुन्हा सभा घ्या लागते. रद्द कराले सूचक कुठून आनू?"

"मी हाय सूचक," बाबा गॅलरीतून म्हणाले.

"तुमी सभासद नाई."

"मंग सभासद करा."

माणिकराव खाली बसले. पुष्पांजलीने त्यांच्यापुढे पेढे ठेवले. ते पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीसकट परत घरी नेलं, आणि मला कळलंय त्याप्रमाणे ते त्यांनी अजून फाडलेलं नाही. पेरूवाली जागा पुढे शिवमनेच घेतली. सुभद्राबाईंनी दारात चपला काढायच्या आधीच मालकाला किंमत सांगायला लावली म्हणतात. कोणाचं कोणाकडे काही राहिलं नाही.

पण त्या दिवशी पाहुणे गेल्यावर माझा जीव टांगणीला लागला होता, कारण बाबा राहणार का हे त्यांनी अजून सांगितलंच नव्हतं. चढून येणं वेगळं आणि राहणं वेगळं. संध्याकाळी एसटीची वेळ व्हायला लागली. बाबांनी टोपी घातली. पुष्पांजलीने कणीक मळता मळता हात थांबवला. मी म्हटलं, "निघालात का बाबा?"

"खाली चाललो. दयारामनं बोलावलं." दाराशी जाऊन ते थांबले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अन् आयक. उद्या सुट्टी टाक अन् गावाकडून माही बाज घेऊन ये. तुमच्या गादीवर पाठ रुतते."

पाहुणा माणूस कुठे गेला तर मिळेल त्या अंथरुणावर निजतो. आपली बाज कोणी पाहुणचाराला नेत नाही. मी वाकून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या, कारण बोललो असतो तर रडलो असतो, आणि जिन्यात कोकिळाकाकू उभ्या होत्या.

बाज टेम्पोने आणली. लाकडी, शिसवीच्या पायांची, आजोबांनी करवून घेतलेली. ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली. उभी करा, आडवी करा, पाय काढा, सुतळी सोडा, असा प्रत्येक मजल्यावरून एकेक सल्ला येत होता. दयारामकाका, "जाऊ द्या, पुढं जागा हाय," असं ओरडत होते. माणिकराव म्हणत होते की याला आधी समितीची परवानगी घ्यायला पाहिजे होती, पण म्हणता म्हणता त्यांनीही एक पाय धरला होता. बाबा वरून कठड्यावर वाकून आम्हाला हुकूम सोडत होते. सगळ्यात खाली मी होतो, बाजेचा सारा भार खांद्यावर घेऊन, आणि पाठ इतकी दुखत असताना मला इतकं बरं पूर्वी कधीच वाटलं नव्हतं.